गणपतीत साठलेल्या सफरचंदांचा ॲपलसॉस, पुरणयंत्रातून

गौरी-गणपती झाले की आमच्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सफरचंदांचा ढीग असतो. दर्शनाला येणारा प्रत्येक जण देवापुढे ठेवायला फळं आणतो, आणि फळं म्हणजे अर्धा डझन केळी नाहीतर पाच सफरचंदं. केळ्यांचं शिकरण होतं, नारळाच्या वड्या होतात. सफरचंदं मात्र समईच्या उबेत चार-पाच दिवस बसून मऊ पडतात, पिठूळ होतात. मग "अरे, खा की एखादं", "कापून देऊ का?" असं आठवडाभर चालतं, आणि शेवटी दोन-चार तरी कचऱ्यात जातात. घरात कोणी आजारी पडून उठलं की हाच प्रकार. भेटायला येणाऱ्यांनी आणलेली सफरचंदं रोग्यापेक्षा जास्त दिवस पडून राहतात.

पिठूळ सफरचंद कच्चं खायला नकोसं वाटतं, पण शिजवायला ते उत्तम. त्याच्या पेशींमधला सांधा आधीच सैल झालेला असतो, त्यामुळे ते लवकर फुटतं आणि त्याचा गर मऊसूत होतो. म्हणून मी गेली काही वर्षं या ढिगाचा ॲपलसॉस करते.

'सॉस' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वड्याशेजारचा लाल सॉस येतो. हा तसा नाही. सफरचंदं थोड्याशा पाण्यात मऊ शिजवायची, गाळून घ्यायची, झालं. आमरसाचा शिजवलेला चुलतभाऊ म्हणा. अमेरिकेत पोरांच्या डब्यात याच्या छोट्या डब्या असतात, जर्मनीत बटाट्याच्या घावनांबरोबर खातात, इंग्लंडात डुकराच्या भाजलेल्या मांसाबरोबर. मी तो पहिल्यांदा खाल्ला बहिणीकडे न्यू जर्सीत, ऑक्टोबरात. तिच्या शेजारणीनं बागेतून तोडून आणलेली सफरचंदं शिजवली आणि मग कपाटातून मोठ्या कौतुकानं एक यंत्र काढलं. मला हसूच आलं. खाली तीन पाय, वर दांडा, आत फिरणारं पातं, तळाला भोकांची जाळी. पुरणयंत्र! आपण ते होळीला एकदा काढतो आणि वर्षभर माळ्यावर टाकतो. तिकडे त्यावर शरद ऋतूतली सगळी फळं गाळतात.

पुरणयंत्र असलं की सालं काढत बसावं लागत नाही, आणि या सगळ्या कामातला कंटाळवाणा भाग तेवढाच आहे.

सफरचंदं कोणती घ्यायची

घरात पडलेली असतील ती घ्या, हे पहिलं उत्तर. मुद्दाम आणायची असतील तर थोडा विचार करावा.

आपल्याकडे बाजारात सगळ्यात जास्त दिसणारं लाल, खाली पाच उंचवटे असलेलं 'रॉयल' हे रेड डेलिशियस घराण्यातलं. ही जात मूळ अमेरिकेतल्या आयोवाची. फिलाडेल्फियाहून भारतात आलेले सॅम्युअल स्टोक्स, जे पुढे सत्यानंद स्टोक्स झाले, त्यांनी १९१६च्या सुमारास शिमल्याजवळच्या कोटगडमध्ये तिची लागवड केली आणि हिमाचलचं सगळं अर्थकारण बदललं. हे सफरचंद कापून खाण्यासाठी नावाजलेलं: गोड, रसाळ, आंबटपणा अगदी बेताचा. नुसत्या रॉयलचा सॉस केला तर तो गोड होतो पण मिळमिळीत लागतो. त्याला लिंबू हवंच.

शीतगृहातल्या सफरचंदाला तर जास्तच. फळ तोडल्यानंतरही ते श्वास घेत असतं, आणि त्यात त्याच्यातलं मॅलिक आम्ल हळूहळू खर्ची पडतं. सप्टेंबरातल्या ताज्या किन्नौरी फळाची आणि मार्च-एप्रिलमध्ये मिळणाऱ्या त्याच फळाची चव म्हणूनच सारखी नसते. उन्हाळ्यात सॉस करणार असाल तर लिंबाचं प्रमाण दीडपट धरा.

पिवळं गोल्डन मिळालं तर आनंदानं घ्या. आपल्याकडे लालीला भाव, त्यामुळे ते बहुतेक वेळा स्वस्त पडतं, पण शिजायला ते रॉयलपेक्षा सरस. हिरवं ग्रॅनी स्मिथ परदेशातून येतं, महाग असतं. नुसत्या त्याचा सॉस परवडणार नाही आणि इतका आंबट लागेल की साखर ओतत बसावं लागेल. पण दोन किलो रॉयलमध्ये दोन ग्रॅनी स्मिथ घातली तर लिंबाचं काम तीच करतात, आणि चवीला धार येते. माझं आवडतं मिश्रण हेच. काश्मीरचं आंबटसर महाराजी कधी दिसलं तर तेही चालतं.

परदेशात राहणाऱ्यांची चैन आहे. अमेरिकेत-कॅनडात मॅकिंटॉश मिळतं, ते पंधरा मिनिटांत आपोआप विरघळतं. इंग्लंडात ब्रॅम्ली नावाचं खास शिजवायचंच सफरचंद आहे. कच्चं खाल तर दात आंबतील, पण पातेल्यात ढगासारखं फुलतं. त्याला साखर मात्र सढळ हातानं लागते.

मार्केट यार्डात किंवा हातगाडीवर 'डागी' माल स्वस्तात मिळतो. दाबलं गेलेलं, तपकिरी चट्टा पडलेलं फळ चालेल, चट्टा कापून टाका. पण बुरशी लागलेलं, आतून सडलेलं फळ घेऊ नका. सफरचंदावरच्या निळसर बुरशीतून पॅट्युलिन नावाचं विष तयार होतं, ते आजूबाजूच्या गरातही पसरतं आणि घरच्या शिजवण्यानं जात नाही. सॉस करायचाच आहे म्हणून सडका माल खपवणं ही काटकसर नव्हे.

धुणं, चिरणं

मी एका वेळी २ किलो घेते, म्हणजे मध्यम आकाराची दहा ते बारा. त्यातून साधारण सव्वा ते दीड लिटर सॉस निघतो. चार माणसांच्या घराला एक आठवडा खाऊन थोडा फ्रीजरमध्ये ठेवता येईल इतका.

सालासकट शिजवायचं असल्यानं धुणं नीट हवं. नखानं साल खरवडून बघा. पांढरा थर नखात आला तर वरून मेण लावलेलं आहे. खायच्या मेणाला परवानगी असते, पण ते सॉसमध्ये नको. कोमट पाण्यात दोन मिनिटं ठेवून जाडसर फडक्यानं घासून पुसलं की बरंचसं निघतं. तरीही फळ आरशासारखं चकाकत असेल तर त्याची साल सरळ सोलून टाका. सफरचंदाचं स्वतःचं नैसर्गिक मेणही असतं, पण ते पातळ, त्यानं काही बिघडत नाही.

मग चार फाका करायच्या, देठ आणि बियांचा गाभा कापून टाकायचा, आणि प्रत्येक फाकेचे दोन-तीन तुकडे. सगळ्या फोडी साधारण सारख्या ठेवा, नाहीतर अर्ध्या शिजतात आणि अर्ध्या कडक राहतात. परदेशी कृतींमध्ये कित्येकदा गाभ्यासकट शिजवून जाळीवर गाळतात. मी ते करत नाही, आणि मिक्सर वापरणाऱ्यांनी तर मुळीच करू नये. सफरचंदाच्या बियांत अमिग्डालिन नावाचं द्रव्य असतं, बी फुटली की त्यातून सायनाइड तयार होतं. चुकून गिळलेल्या एक-दोन अख्ख्या बियांनी काही होत नाही, पण मूठभर बिया मुद्दाम वाटून खायचं कारण नाही. शिवाय त्या कडू लागतात.

फोडी चिरता चिरता काळ्या पडतात, त्याचा फार बाऊ करू नका. फोड कापली की आतलं विकर, म्हणजे एन्झाइम, हवेशी भिडतं आणि रंग बदलतो. उष्णता लागली की ते विकर निकामी होतं. सॉस फिकट, देखणा हवा असेल तर चिरलेल्या फोडी लिंबू पिळलेल्या पाण्यात टाका आणि तेच थोडं पाणी शिजवायला वापरा.

शिजवणं

जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घ्या. ॲल्युमिनियम, लोखंडी कढई, कल्हई नसलेलं पितळ हे तिन्ही आंबट पदार्थाला नकोत. चवही बिघडते आणि रंगही.

२ किलो फोडींना एक वाटी पाणी, म्हणजे साधारण २०० मिली. बघताना हे फारच कमी वाटतं. पातेलं काठोकाठ भरलेलं आणि तळाला बोटभर पाणी. तरी वाढवू नका. पाच-सात मिनिटांत सफरचंदाचंच पाणी सुटतं, आणि आधी ओतलेलं जास्तीचं पाणी नंतर आटवत बसावं लागतं. चिमूटभर मीठ, दालचिनीचा दोन इंचांचा तुकडा, आणि झाकण. पहिली पाच मिनिटं मध्यम आच, वाफ धरली की मंद. दर पाच मिनिटांनी तळापासून हलवा, वरच्या फोडी खाली जाऊ द्या.

पिठूळ फळं १५ मिनिटांत शिजतात, ताजी कडक २५ ते ३० घेतात. झालं की नाही हे घड्याळाला विचारू नका. एक फोड पळीनं पातेल्याच्या कडेला दाबा. जोर न लावता ती फसकन बसली, साल सुटी झाली आणि मध्ये पांढरा ठिसूळ भाग दिसला नाही, की गॅस बंद. अर्धवट शिजलेला गर पुरणयंत्रात कण कण राहतो आणि हात भरून येतात.

आता कुकरबद्दल, कारण हा प्रश्न येणारच. पहिल्या वर्षी मीही शहाणपणा केला. फोडी थेट कुकरमध्ये घातल्या, दोन शिट्ट्या करू म्हटलं. दहा मिनिटं झाली तरी शिट्टीच होईना. कुकर नुसता घुमत होता, मग झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला आणि गुलाबी फेस गॅसभर झाला. गार झाल्यावर झाकण उलटं करून पाहिलं तर वाफेच्या नळीत सालीची एक बारीक सुरळी, उदबत्तीच्या काडीएवढी, घट्ट बसलेली. सफरचंदाचा गर शिजताना फेसाळतो, उसळतो आणि साल वर घेऊन येतो, म्हणून तो थेट कुकरमध्ये शिजवू नये. कुकर वापरायचाच असेल तर वरण-भातासारखा वापरा: तळाला पाणी, त्यावर भांडं, भांड्यात पाऊण भर फोडी आणि अगदी दोन चमचे पाणी, वर ताटली. दोन शिट्ट्या, आणि वाफ आपोआप जिरू द्यायची. असा सॉस थोडा पातळ होतो, नंतर पाच मिनिटं आटवावा लागतो, पण खाली लागायची भीती नाही.

गाळणं

दालचिनी आधी काढून घ्या. विसरलात तर तिच्या चिपट्या पात्याखाली अडकतात आणि काडी काडी शोधत बसावं लागतं.

पुरणयंत्र दुसऱ्या पातेल्यावर ठेवा, बारीक जाळी लावा, आणि फोडी गरम असतानाच दोन-दोन पळ्या घालून दांडा फिरवा. पुरणाला जितका जोर लागतो त्याच्या पाव हिश्शानं काम होतं. चार फेऱ्यांत सगळा गर खाली उतरतो आणि वर सालं राहतात, ओल्या कागदाच्या कपट्यांसारखी. मधूनमधून दांडा उलटा फिरवला की पात्याखाली दबलेली सालं मोकळी होतात. शेवटी जाळीच्या खालच्या बाजूला चिकटलेला गर चमच्यानं खरवडून घ्या, सगळ्यात दाट गर तिथेच असतो. २ किलोच्या घाण्यात सालांचा चोथा जेमतेम मूठभर उरतो. लाल सालींमुळे गराला हलका गुलाबी रंग येतो, तो सोललेल्या सफरचंदांच्या सॉसला कधी येत नाही. सालीलगतच पेक्टिन भरपूर असतं, त्यामुळे सॉस दाटही होतो.

यंत्र पितळी असेल तर लिंबू गाळून झाल्यावरच घाला आणि गर त्यात रेंगाळू देऊ नका. आणि कोणतंही असो, काम झालं की लगेच पाण्याखाली धरा. वाळलेला सफरचंदाचा गर पुरणापेक्षा चिवट असतो, जाळीची भोकं टाचणीनं कोरावी लागतात.

यंत्र नसेल तर स्टीलची जरा मोठ्या भोकांची चाळणी आणि वाटीचा तळ, पूर्वी पुरण असंच वाटीनं घासून काढायचे. वेळ लागतो, पण गर तितकाच छान. ज्यांना दाताखाली थोडे तुकडे हवेत त्यांनी फोडी सोलूनच शिजवाव्या आणि पावभाजीच्या मॅशरनं ठेचाव्या.

मिक्सर हा माझ्या यादीत शेवटचा. सालं काढून शिजवलेल्या फोडी फिरवल्या तर काम दोन मिनिटांत होतं, पण मिक्सर गरात हवा मिसळतो, त्यामुळे सॉस फिकट आणि फेसाळ होतो, थोडा चिकटही. लहान बाळासाठी ते बरं, पोळीबरोबर खायला मला आवडत नाही. वापरणार असाल तर फोडी कोमट होऊ द्या आणि भांडं अर्धंच भरा. गरम गराची वाफ झाकण उडवते.

चव आणि दाटपणा जमवणं

गाळलेला गर परत पातेल्यात. एक चमचा गर सपाट ताटलीत टाका आणि अर्धा मिनिट बघा. गराभोवती पाण्याचं कडं सुटलं तर तो पातळ आहे, झाकण न ठेवता मंद आचेवर पाच-दहा मिनिटं आटवा. कडं नसेल तर हात आवरा. गार होताना तो आणखी दाटतो, म्हणून तुम्हाला हवा त्यापेक्षा किंचित पातळ असतानाच थांबायचं. आटताना तो पिठल्यासारखा रटरटतो आणि लांबवर शिंतोडे उडवतो. लांब दांड्याची पळी घ्या, झाकण तिरपं धरा. मनगटावर उडालेला थेंब पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटून बसतो आणि चांगलाच भाजतो.

चव कोमट झाल्यावर बघावी. गरम असताना आंबट-गोडाचा अंदाज हमखास चुकतो. २ किलोला एका मोठ्या लिंबाचा रस इथे घाला, पण अर्धा आधी आणि अर्धा चाखून. साखरेचं मी प्रमाण देत नाही, कारण रॉयल किंवा गोल्डनला ती लागतच नाही. बेचव वाटणारा सॉस बहुतेक वेळा साखर मागत नसतो, लिंबू मागत असतो. लिंबू घालूनही कोरडा आंबटपणा जाणवला तर किलोमागे एक-दोन चमचे साखर किंवा गूळ. गुळानं रंग काळपट होतो, पण चव छान खोल येते.

मसाल्यात दालचिनी पुरे. फार तर एखादी लवंग, किंवा चिमूटभर जायफळ. वेलची घातली की सगळं शिऱ्याकडे झुकतं, आणि केशर घालणाऱ्यांना मी काही बोलत नाही. आमच्याकडे एक भाग मसाल्याशिवाय काढून ठेवतो, पुढे केकला वगैरे तोच उपयोगी पडतो.

साठवण

लोणचं वर्षभर बाहेर राहतं ते मीठ आणि तेलामुळे. ॲपलसॉसमध्ये दोन्ही नाही, म्हणून तो ओट्यावर ठेवायची वस्तू नव्हे. पूर्ण गार करून, कोरड्या काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये ५ ते ७ दिवस. ओला-उष्टा चमचा घातलात तर तिसऱ्या दिवशी फसफसतो.

फ्रीजरमध्ये मात्र तो सहा महिने सहज टिकतो. बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवा, मग खडे पिशवीत भरून वर तारीख लिहा. एक खडा साधारण दोन मोठे चमचे होतो, लागतील तेवढे काढता येतात. डब्यात गोठवत असाल तर वर दोन बोटं जागा सोडा, कारण गर गोठताना फुगतो. काचेची तोंडापर्यंत भरलेली बरणी फ्रीजरमध्ये तडकते आणि मग काचेच्या भीतीनं आतला सगळा सॉस टाकावा लागतो.

बाटलीबंद करून कपाटात ठेवायचा असेल तर ते रीतसर करावं लागतं. सफरचंद आंबट फळ आहे, त्याचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट) ४.६च्या बराच खाली असतो, म्हणून त्याला साध्या उकळत्या पाण्याची पद्धत पुरते. घट्ट बसणारी नवी झाकणं असलेल्या खास बरण्या हव्यात. जॅमची जुनी बाटली आणि तिचं वापरलेलं झाकण यावर विसंबू नका. बरण्या गरम पाण्यात तापवून घ्यायच्या, त्यात उकळता सॉस भरायचा, वर अर्धा इंच जागा सोडायची, सुरीनं हवेचे बुडबुडे काढायचे, तोंड पुसून झाकण लावायचं. खोल पातेल्याच्या तळाशी फडकं घालून बरण्या उभ्या ठेवायच्या, झाकणांवर इंचभर पाणी यायला हवं. पाणी खळखळा उकळायला लागलं की वेळ मोजायची. मुंबई-कोकणात अर्ध्या लिटरच्या बरणीला १५ मिनिटं आणि लिटरच्या बरणीला २०. पुण्यात २० आणि २५, कारण पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे आणि इथे पाणी ९८ अंशांनाच उकळतं. महाबळेश्वरला अर्ध्या लिटरला २० आणि लिटरला ३०. दुसऱ्या दिवशी झाकणाचा मध्यभाग आत ओढलेला दिसला पाहिजे. दाबल्यावर टिकटिक वाजला तर ती बरणी बसलेली नाही, फ्रिजमध्ये ठेवून आधी संपवा. गरम बाटली नुसती उलटी करून ठेवायची युक्ती बऱ्याच जणी सांगतात, तिच्यावर भरवसा ठेवू नये.

खरं सांगायचं तर मी हे दोनदा केलं आणि सोडून दिलं. फ्रीजर असताना आपल्या हवेत एवढा खटाटोप फक्त हौसेचा.

खायचा कशाबरोबर

बाळाला पूर्ण सहा महिने झाल्यावर वरचं सुरू करताना हा सॉस सोयीचा असतो. त्यात साखर, मीठ, मसाला काही नको, आणि वर्षाच्या आत मध तर अजिबात नको. मधातून बोट्युलिझम या घातक विषबाधेचा धोका असतो. सफरचंद सोलून, वाफवून, एकजीव करून एक-दोन चमचे.

मोठ्यांसाठी: गरम घावनाशी, दह्यात कालवून, ओटच्या खिरीवर. टांगलेल्या चक्क्यात थोडा दाट सॉस आणि दालचिनी घोटून फ्रुटखंड करा, आम्रखंडाचा मोसम नसताना हे एक बरं समाधान आहे. उपासाच्या बटाट्याच्या थालीपिठाबरोबर तर तो फारच जमतो. हनुक्काच्या सणात ज्यू घरांत किसलेल्या बटाट्याचे कुरकुरीत लाटके करतात आणि त्यावर ॲपलसॉस घेतात. आमच्याकडे चतुर्थीला थालीपिठाशेजारी दह्याची वाटी आणि सॉसची वाटी अशा दोन्ही येतात, आणि सॉसची आधी संपते.

बिनअंड्याचा केक करणाऱ्यांना याचा खरा उपयोग. एका अंड्याऐवजी पाव कप, म्हणजे ६० मिली सॉस. दोन अंड्यांपर्यंत हे चालतं, त्यापुढे केक गच्च होतो. तेल किंवा लोणी कमी करायचं असेल तर त्यातलं अर्धं काढून तेवढाच सॉस घाला. पूर्ण काढलं तर केक रबरासारखा ताणतो. रव्याच्या केकला तो विशेष मानवतो, दुसऱ्या दिवशीही केक कोरडा पडत नाही. केकसाठी सॉस बिनसाखरेचा आणि दाट हवा, पातळ असेल तर आधी आटवून घ्या.

आणि आटवण्याचा उत्साह असेल तर तिथेच थांबायचं कारण नाही. गॅसवर तवा, तव्यावर पातेलं, अगदी मंद आच, आणि दोन-अडीच तास अधूनमधून हलवत राहिलात तर सॉस निम्म्यावर येतो, तपकिरी होतो, चमच्याला धरून राहतो. अमेरिकेत याला ॲपल बटर म्हणतात, लोण्याचा त्यात कण नसतो. पोळीला लावून गुंडाळी करून द्या, जॅमची आठवण कोणी काढत नाही.

त्याच्याही पुढे आंबापोळीचा मार्ग आहे. गणपती संपतात आणि ऑक्टोबरचं ऊन सुरू होतं, हे दोन्ही अगदी वेळेवर जुळतं. दाट सॉसमध्ये चव बघून थोडी साखर घाला, ताटाला तुपाचा हात लावा, आणि पाव इंचाहून कमी जाडीचा थर सारखा पसरा. कडेला जाड ठेवलात तरी चालेल, कारण कड आधी वाळते. वर मलमलचं फडकं बांधून कडक उन्हात ठेवा, संध्याकाळी आत आणा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कडेला सुरी घातली की पोळी सोलून निघते, रंग जुन्या तांब्यासारखा. फक्त परतीच्या पावसाचा नेम नसतो, तेव्हा दुपारी ताट उचलायला घरात कोणीतरी हवं.